धूर कुणाच्या नावावर

लोणावळ्यातल्या आमच्या डिलिव्हरी सेंटरची शेड पूर्वी एका चिक्कीवाल्याची होती. भिंतींत गुळाचा वास इतका मुरलेला, की पावसाळ्यात मुंग्या सरळ पार्सलांत शिरायच्या. एकानं तक्रार केली होती, "नवीन पुस्तक मागवलं, त्याला गोड वास येतोय. आधी कुणी वाचलंय का?" अशा तक्रारींना नम्रपणे उत्तर देणं हा मॅनेजर म्हणून माझ्या कामाचा भाग होता. त्याआधी मी तळेगावच्या एका कारखान्यात वाहतूक खात्यात होते. तिथला माल मुका असायचा. इथे प्रत्येक खोक्यामागे कुणीतरी फोन हातात घेऊन बसलेलं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध फक्त दारावरच्या बेलपुरता येतो, त्यांच्यासाठी थोडं सांगते. कंपनीचं मोठं गोदाम तळेगावजवळ, उर्स्याला. तिथून सकाळी ट्रक खच्चून भरून यायचा, आमच्याकडे रिकामा व्हायचा, आणि मग छोट्या गाड्या खंडाळ्यापासून कार्ला-मळवलीपर्यंत दारोदार फिरायच्या. जास्त धूर कुणाचा, असं विचारलं तर सगळे ट्रककडे बोट दाखवतील. पण ट्रकचा धूर ढीगभर पार्सलांत वाटला जातो. मोबाईलचं एक कव्हर पोचवायला टेम्पो तुंगार्लीची चढण चढला, तर तो सगळा धूर त्या एका कव्हराचा. वर घराला कुलूप असतं. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा चढा. बुटांचे तीन नंबर मागवून दोन परत करणारे तर वेगळेच.

कार्ल्याजवळच्या बंगल्यात एक निवृत्त प्राध्यापिका राहायच्या. आमच्याकडून आलेली सगळी खोकी त्या महिन्यातून एकदा गाडीत भरून परत आणून द्यायच्या. "एवढ्याशा कुंकवाच्या डबीला हे एवढं खोकं? लाज नाही वाटत?" मी त्यांना सांगायचे, की खोकी ठरावीक मापांचीच येतात, लहान माप संपलं की मोठं वापरतात. त्या ऐकून घ्यायच्या, खोकी ठेवायच्या आणि निघायच्या. गाडी पेट्रोलवरची, भली मोठी. मी कधी बोलले नाही. निदान कुणीतरी अस्वस्थ होतं.

बाकी आम्ही कुणी तेव्हा अस्वस्थ नव्हतो. ते सुरू झालं कंपनीनं जाहीर केल्यावर, की अमुक एका सालापर्यंत आपल्या कामातून हवेत जाणारा कार्बन शून्यावर आणायचा. बंगळुरूच्या मुख्य कार्यालयातून ऋचा नावाची मुलगी आम्हाला हे समजावून सांगायला आली. शिकलेली, वयानं माझ्या लेकीएवढी. बुटांना चिखल लागला तरी न कुरकुरणारी. सगळे ड्रायव्हर तिच्याभोवती बसले.

"शून्य म्हंजी गाड्या बंद करनार का काय?" बाळूभाऊंनी विचारलं.

"नाही काका. गाड्या बॅटरीवर चालवायच्या."

"आनि आमचा डिझेल टेम्पो?"

ऋचानं माझ्याकडे पाहिलं. उत्तर दोघींनाही माहीत होतं.

बाळूभाऊ मळवलीजवळच्या भाजे गावचे. सेंटर सुरू झालं त्या दिवसापासून त्यांचा टेम्पो आमच्याकडे लागलेला. थोडी भातशेती, ती घरात पारूवहिनी बघायच्या. बाळूभाऊंना प्रत्येक बंगल्याचा राखणदार नावानं माहीत. पत्ता अर्धवट असला की मी त्यांच्याच हातात पार्सल द्यायचे. टेम्पोच्या पुढच्या काचेला त्यांनी स्वतः मोगऱ्याची प्लास्टिकची माळ लावली होती आणि ती दर दसऱ्याला धुऊन परत लावायचे.

पुढच्या उन्हाळ्यात तो टेम्पो त्यांनी कामशेतच्या एका भाजीवाल्याला विकून टाकला. आमच्या हिशोबातून एक डिझेलची गाडी कमी झाली. टेम्पो मात्र भाजी घेऊन पूर्वीपेक्षा जास्तच पळायला लागला. जुन्या हायवेवर तो दिसला की बाळूभाऊ मान वळवून बघायचे. त्याच्या धुराचं काय, असं मी ऋचाला विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, तो आता आपला नाही." हे वाक्य मला पुढे फार वेळा ऐकायचं होतं.

बॅटरीच्या तीनचाकी गाड्या आल्या. पांढऱ्याशुभ्र, बाजूला हिरवं पान रंगवलेलं. सपाटीवर झकास चालायच्या. पण हे मावळ आहे. पहिल्याच पावसाळ्यात बाळूभाऊ गाडी भरून लोहगडाच्या खिंडीकडे चढले आणि अर्ध्या चढावर बॅटरीनं मान टाकली. फोन आला, "ताई, काटा बघता बघता खाली आला. आता हिला मी ढकलू, का हिनं मला?" शेवटी मळवलीहून एकाचा ट्रॅक्टर नेला आणि पानाचं चित्र असलेली गाडी दोरीला बांधून खाली आणली. ट्रॅक्टर काळा धूर ओकत पुढे, आमची हिरवी गाडी मागे. स्टेशनाजवळच्या लोकांनी फोटो काढले.

मी हा प्रकार ऋचाला जसाच्या तसा सांगितला. ती हसली नाही. दुसऱ्या आठवड्यात स्वतः आली, बाळूभाऊंच्या शेजारी उभी राहून भिजत सगळे चढ बघून गेली. मग आम्ही तिघांनी बसून फेऱ्या नव्यानं आखल्या. डोंगरावरच्या वाड्यांना रोज जायचं नाही. आठवड्यातला एक वार ठरवायचा, त्या दिवशी सकाळी पूर्ण चार्ज केलेली गाडी सगळ्यांची पार्सलं एकदम घेऊन चढेल. लोक चिडतील अशी माझी भीती होती. कुणी चिडलं नाही. वाडीतल्या एका म्हातारीनं तर सांगितलं, "रोज रोज कोन येनार म्हनून वाट बघाय नको. बेस झालं." बंगलेवाल्यांनाही आम्ही विचारायला लागलो, 'दोन दिवस थांबलात तर चालेल का?' बरेच जण चालेल म्हणायचे. अर्ध्या रिकाम्या गाड्या पाठवणं जवळजवळ बंद झालं. नोकरीतल्या ज्या दिवसांचा मला खरोखर अभिमान आहे, ते हे दिवस. धूर खरंच कमी झाला होता. कुठलीही चलाखी न करता.

ते फार टिकलं नाही. सणाच्या मोठ्या सेलआधी मुख्य कार्यालयानं ठरवलं, की लोणावळ्यासारख्या सुट्टीच्या गावात दोन तासांत घरपोच द्यायचं. प्रतिस्पर्धी देत होते, आपण मागे राहून चालणार नव्हतं. बाजारपेठेत एका इमारतीच्या तळघरात छोटं गोदाम उघडलं आणि पोचवायचं काम एका ठेकेदाराला दिलं. पोरं, बाप्ये, कुणीही आपली दुचाकी घेऊन यायचं आणि फोनवर नाव नोंदवून कामाला लागायचं. शनिवार-रविवारच्या बंगल्यांच्या ऑर्डरी सगळ्या तिकडे वळल्या. आमच्याकडची पार्सलं घटली. मग काही बॅटरीच्या गाड्या पिंपरीला हलवल्या, त्यात बाळूभाऊंची एक.

"मग मी काय करू, ताई?"

मी वर लिहिलं, फोन केले. उत्तर आलं की बॅटरीच्या गाड्यांचे चालकही ठेकेदारामार्फतच घेतलेले आहेत, आपले नाहीत. महिनाभरानं बाळूभाऊ मला बाजारात दिसले, जुन्या पेट्रोलच्या दुचाकीवर, पाठीवर चौकोनी पिशवी. पन्नाशी ओलांडलेला माणूस शाळेच्या मुलासारखा दिसत होता. "दोन तासात द्यायाचं," ते म्हणाले, "पर त्यातला निम्मा येळ तळघरातच जातो. उरलेल्यात भुशी धरनाची ट्राफिक. लय पळावं लागतंय."

त्या वर्षी कार्बनच्या मोजणीत आमचं सेंटर सगळ्यांत वर आलं. गाड्या कमी आणि सगळ्या बॅटरीवरच्या. त्या दुचाक्या ठेकेदाराच्या, म्हणून मोजणीत नव्हत्या. मोजणारी ऋचाच. मी तिला फोनवर विचारलं, "अगं, माल आपला, गिऱ्हाईक आपलं, घाई आपली. मग धूर कुणाचा?" ती म्हणाली, "मी हे वर मांडलंय. पुढच्या वर्षी बघू म्हणतात." तिचा आवाज थकलेला होता. पुढे मीही ताणलं नाही. मुख्य कार्यालयातले मोठे साहेब स्वतः लोणावळ्यात येऊन आम्हाला मानचिन्ह देणार, छपरावरच्या सोलर पॅनेलचं उद्घाटन करणार, अशी बातमी आली होती. शेडला नवा रंग देणं चालू होतं.

त्या कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यातला शनिवार. दुपारी धुकं इतकं, की शेडच्या दारातून समोरचा रस्ता दिसत नव्हता. बाळूभाऊंचा फोन आला.

"ताई, पडलोय मी. तुंगार्लीच्या वरच्या वळनाला. पाय हालत न्हाई."

"ठेकेदाराला कळवलंत?"

"त्यो फोनच उचलंना."

सेंटरमध्ये एकच गाडी उभी होती, बॅटरीची. चालकाला म्हटलं, पार्सलं उतरव आणि चल. त्याच्या बाजूला अंग चोरून बसले. मालाच्या गाडीत माणूस घ्यायचा नाही हा नियम सगळ्यांकडून पाळून घेणारी मीच. वर वळणावर शेवाळलेल्या कडेला दुचाकी आडवी होती. पर्यटकांची एक गाडी चुकीच्या बाजूनं वर आली, बाळूभाऊंनी ब्रेक दाबला आणि चाक सटकलं. गाडीवाले थांबलेच नाहीत. बाळूभाऊ कठड्याला टेकून बसले होते, चेहरा पांढराफटक. पिशवी फाटून रस्ताभर कोळसे पसरले होते. एका बंगल्यावर मांस भाजायची पार्टी होती, त्यासाठी दोन तासांत मागवलेला कोळसा. त्यांच्या खिशातला फोन सारखा वाजत होता. मला वाटलं, ठेकेदाराचा असेल. मी घेतला. पलीकडून एक तरुण आवाज, "भैया, कितना टाइम? गेस्ट आ गये हैं."

मी म्हटलं, "माणूस पडलाय." त्यानं फोन ठेवला.

दोघांनी उचलून बाळूभाऊंना मागे, रिकाम्या पोत्यांवर निजवलं. मी त्यांच्याजवळ बसले, दार हातानं धरून. गाडी उताराला लागली. मधेच ते म्हणाले, "ताई, गाडी चालू हाय न्हवं? आवाज येईना."

"चालू आहे. उतरतोय आपण."

"बरं हाय," ते म्हणाले. "आवाज असता तर दुखलं असतं."

उजव्या मांडीचं हाड मोडलं होतं. आत सळई घालावी लागली. पारूवहिनी भाताच्या खाचरातून तशाच आल्या, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांनी मला एकच विचारलं, "ह्यास्नी कामावर कुनी ठेवलंतं?" मी तेच ठेकेदाराला आणि कंपनीला विचारलं. ठेकेदार म्हणाला, तो स्वतःच्या मर्जीनं काम करणारा माणूस, आमचा नोकर नाही. कंपनीकडून कळलं, तो ठेकेदाराचा विषय. सोमवारी माझ्या टेबलावर त्या बंगल्याची तक्रार आली: कोळसा पोचला नाही, पार्टीचा विचका झाला, वर फोन घेणारी बाई उद्धट होती. तक्रारींना उत्तर द्यायची सवय हाडांत भिनलेली. मी 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल' एवढं लिहिलं आणि पुढे हातच चालेना. ती तक्रार आजही तशीच उघडी असेल.

त्याच दिवशी ऋचाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, मोजणीत दुचाक्या आपल्या धरल्या असत्या, तर काकाही आपले धरावे लागले असते. म्हणून तर धरल्या नाहीत." आणि ती रडायला लागली. मला वाटलं होतं की धूर आणि माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीच्या लेखी त्या एकाच रेषेच्या बाहेर उभ्या होत्या.

कार्यक्रम झाला. मांडव, हार, सोलर पॅनेलला नारळ. साहेब मूळचे नागपूरचे, मराठी छान बोलायचे. मानचिन्ह घेऊन मला दोन शब्द बोलायचे होते. मी ते मानचिन्ह, काचेचं एक झाड, हातात घेतलं नाही. म्हटलं, "हे कशासाठी मिळतंय ते सांगते. आमच्या बाळूभाऊंचा डिझेलचा टेम्पो होता, तेव्हा त्याचा धूर तुम्ही मोजलात. ते बॅटरीच्या गाडीवर आले तेव्हा मोजायला धूरच नव्हता. नंतर ते पेट्रोलच्या दुचाकीवर गेले, तेव्हा तुम्ही त्यांना मोजणंच सोडलंत. आज ते दवाखान्यात आहेत. ते कुणाचे आहेत एवढं मला सांगा, मग मी हे घेते." समोरच्या ड्रायव्हरांपैकी कुणीही टाळी वाजवली नाही. सगळे साहेबांकडे बघत होते.

नंतर चहाला साहेबांनी मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम लिहिते. ते म्हणाले, "मॅडम, रेषा कुठेतरी आखावीच लागते हो. नाहीतर आपण विकलेल्या कढईखालचा गॅसही आपल्याच नावावर येईल. संपणार कुठे हे?"

"आखा ना साहेब," मी म्हटलं. "पण आत असलेल्या माणसाला बाहेर ढकलून मग आखू नका."

ऋचा माझ्या मागेच उभी होती. तिनं तिथेच त्यांना सांगितलं, की पुढच्या मोजणीत दुचाक्या नसतील तर त्या मोजणीवर तिचं नाव नसेल. एवढ्या तरुण मुलीनं एवढ्या मोठ्या माणसाला तोंडावर सांगितलं. माझं बोलणं त्यापुढे काहीच नव्हतं. मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. तिची सगळी नोकरी पुढे पडली होती.

दवाखान्याचा खर्च कंपनीनं केला, पण मदत म्हणून. जबाबदारी म्हणून नाही. त्यासोबत एक माणूस कॅमेरा घेऊन आला, साहेबांनी पाठवलेला. पारूवहिनींनी त्याला दारातच अडवलं. "फोटू काडायचा तर त्ये चालाय लागल्यावर काडा. निजलेल्या मानसाचा कशाला?" तो परत गेला. चालायला लागल्यावर काही कुणी आलं नाही.

पुढच्या मोजणीत दुचाक्या धरल्या गेल्या. ऋचानं ते करून दाखवलं. आमचं सेंटर वरून थेट तळाला गेलं. कंपनीचा एकूण आकडाही वाढला, आणि मग शून्यावर पोचायचं साल हळूच पुढे ढकलण्यात आलं. तळघरातल्या दुचाक्या हळूहळू बॅटरीवरच्या केल्या. चालवणाऱ्यांचा अपघात विमाही उतरवला. पण दोन तास होते ते आणखी कमी झाले. यातलं काय जिंकलो आणि काय हरलो, हे मला आजही नीट मांडता येत नाही. रात्री हिशोब लागतो, सकाळी पुन्हा विस्कटतो. डोंगरावरच्या वाड्यांची आठवड्याची फेरी तेवढी चालू राहिली, बहुधा ती कुणाच्या लक्षात आली नाही म्हणून.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यात बाळूभाऊ सेंटरवर आले. किंचित लंगडत. "ताई, मला बॅटरीची गाडी द्या परत."

डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही असं सांगितलं होतं. निर्णय माझ्यावर होता. पायाचा ब्रेक उजवीकडे आणि सळई उजव्याच पायात. मी नाही म्हटलं असतं तर मला कुणी दोष दिला नसता. मी त्यांना रिकामी गाडी देऊन शेडमागच्या उतारावर नेलं, स्वतः कडेला उभी राहिले. ते वरून निघाले. मी हात वर केला. गाडी थांबली, पण माझ्या मनात होतं त्यापेक्षा जरा पुढे.

"परत," मी म्हटलं.

ते परत वर गेले, परत आले. पुन्हा हात, पुन्हा ब्रेक. किती वेळा ते आठवत नाही. शेवटी त्यांचा सदरा घामानं चिंब झाला आणि गाडी दर वेळी माझ्या हातासरशी थांबायला लागली.

त्यांना मी सपाटीचा मार्ग दिला, मळवली, भाजे, कार्ला. चढ एकही नाही. ते हिरमुसले, पण गेले. नव्या मॅनेजरांना मी बजावून ठेवलं की हा मार्ग बदलायचा नाही. माझा शब्द तिथे किती दिवस चालेल कुणास ठाऊक.

आता पाऊस लागला की शनिवारी दुपारी मी त्यांना फोन करते. घरचे हसतात. गेल्या शनिवारीही केला. वाजून वाजून बंद झाला. परत केला, परत तेच. मी खिडकीपाशी गेले, मग स्वयंपाकघरात, मग छत्री घेऊन फाटकापर्यंत. पारूवहिनींना लावावा का, की उगाच त्या घाबरतील, असं चाललं असताना फोन वाजला.

"ताई," बाळूभाऊ म्हणाले, "गाडी चालवताना फोन घ्यायचा न्हाई, तुमीच सांगितलंतं न्हवं? आता थांबलोय. बोला."